वडनेरहून आलेली लाल हळद

रुखमाआत्याने पितळी वाटीवरचं फडकं उचललं आणि हात तसाच हवेत धरून ठेवला.

"हे काय आणलं बाप्पा?"

मांडवातल्या बायका पुढे सरकल्या. वाटीत हळदच होती, पण पिवळी नव्हती. वाटलेल्या ओल्या लाल मिरचीसारखी तांबडीलाल दिसत होती.

देऊळघाटच्या मोतीरामच्या घरी त्या दिवशी त्याच्या एकुलत्या एका मुलीची, योगिनीची हळद होती. नवरदेव शेखर वडनेर भोलजीचा. सकाळी सातला तिकडे त्याला हळद लागली, उरलेली हळद वाटीत भरून गाडी निघाली आणि दहाच्या सुमारास इकडे पोचली. ही उष्टी हळद आल्याशिवाय नवरीला हळद लावायची नाही, असा दोन्हीकडचा रिवाज. करवलीने यायचं होतं, पण तिला घाटात गाडी लागते, म्हणून शेखरचे मामा पंजाबराव आणि मामी पुष्पांजली, दोघंच आले होते. गाडी चालवायला गोपाल होता.

पुष्पांजली मामीने वाटीत डोकावून पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"निघालो तवा पिवळीजर्द होती हो! माह्या हातानं भरली मी वाटी."

"मंग रस्त्यात पिकली का?" रुखमाआत्या म्हणाली.

आत्या मोतीरामची थोरली बहीण. घरातल्या प्रत्येक लग्नात काय चुकलं ते तिला तिथीसकट पाठ होतं. "नवरीच्या अंगाले लाल हळद? हे कोण्या देशाची रीत? आमी पोरगी देऊन राह्यलो का उधार मागून राह्यलो? लाव फोन तुह्या नणंदेले. मी बोलतो."

आत्या चिडली की पुरुषासारखं 'बोलतो' म्हणायची. मोतीराम पटकन मांडवाच्या खांबामागे सरकला.

आवाज ऐकून योगिनी घरातून बाहेर आली. अंगावर पिवळी साडी, केस मोकळे, एका हातावर मेंदी. नवरीने असं मध्येच बाहेर यायचं नसतं, हे तिला कोणीतरी सांगितलंही. पण ती बुलडाण्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होती. सहा वर्षं बारावीच्या प्रात्यक्षिकांसाठी बाटल्या भरून देत होती. रंग बदललाय हे कानावर पडल्यावर तिला आत बसवणं कठीणच होतं. तिने वाटी उचलली, उजेडात तिरकी धरली, वास घेतला आणि हसली.

"आई, परसातलं एक लिंबू आण."

"अवं, दृष्ट मागून काढू," आत्या म्हणाली.

"दृष्टीले नाई आत्या. पाहा तं खरं."

योगिनीने चमचाभर लाल हळद ताटलीत काढली. अन्नपूर्णाबाईने, म्हणजे तिच्या आईने, लिंबू कापून दिलं. पहिला थेंब पडला तिथे लाल हळदीत एक पिवळा ठिपका उमटला. दुसऱ्या थेंबाला ठिपका पसरला. योगिनीने बोटाने कालवलं आणि तिसऱ्या-चौथ्या थेंबाला ताटलीतली सगळी हळद पिवळी झाली. लग्नात असावी तशी, लख्ख.

"अगं माय!" मागून कोणीतरी म्हणालं.

"आत्या, वरणाचा डाग साडीवर पडला अन् तुमी साबण लावला, का तो डाग लाल होते. पाह्यला नं?"

"पाह्यला. मंग धुतला का जाते."

"लाल जाते, पिवळा राह्यते. साबण निघून गेला का हळद परत आपल्या रंगावर येते. हे तसंच हाय. हळदीत कोणता तरी खार पडला. पापडखार म्हणा, सोडा म्हणा, चुना म्हणा. आंबटात हळद पिवळी, साध्या पाण्यात पिवळी, खारात लाल. आमच्याकडं याची मोजपट्टी असते. पीएच म्हणतात. लिंबू दोनावर, साधं पाणी सातावर, चुना पार बारावर. हळद आठाच्या आसपासपर्यंत पिवळी राह्यते, तिच्यावर चढली का लाल व्हायले लागते."

आत्याने मान हलवली. "म्हणजे हळद आठवी पास."

सगळे हसले, आणि मग एकीला स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा पाहायचं होतं. योगिनीने ताटलीत चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकली. हळद लाल. लिंबू पिळलं. पिवळी. दुसऱ्या बाईला स्वतःच्या हाताने करायचं होतं. तिसरीला हळदीऐवजी कुंकवावर करून पाहायचं होतं. चार लिंबं संपली. वाजंत्रीवाले सनई मांडीवर ठेवून पाहत बसले. हळद लावायचा मुहूर्त हळूच निघून चालला होता आणि कोणाला त्याची घाई दिसत नव्हती.

घाई होती ती फक्त आत्याला.

"रंगाचं समजलं," ती म्हणाली. "पण वाटीत खार आला कोठून? आपोआप तं नाई आला. त्याईच्या घरी कोणी मुद्दाम टाकला असन तं?"

"मुद्दाम काऊन टाकतीन कोणी?" मामी रडवेली झाली.

"मले काय माहीत. लग्नात लोकं काहीबी करतात."

योगिनीला आत्याचा फोन सासूबाईंना जाऊ द्यायचा नव्हता. एकदा तो लागला असता, तर पुढची वीस वर्षं त्याचं पारायण झालं असतं. तिने स्वतःच शेखरला फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन पाटावर ठेवला.

"शेखर, हळद कोणत्या पाण्यात कालवली होती?"

"हळद?" पलीकडे बायकांचा गलका होता. "जारच्या. आमच्या बोअरचं पाणी थोडं खारं हाय नं, म्हणून आईनं मुद्दाम जार मागवला. काऊन, काय झालं?"

"काई नाई. वाटी भरतानाचा फोटो हाय का कोणाजवळ?"

मिनिटभरात फोटो आला. पुष्पांजली मामी वाटीत हळद भरतेय, मागे शेखर गालावर हळद घेऊन लाजतोय. वाटीतली हळद झेंडूइतकी पिवळी.

"पाह्यलं?" मामीचा जीव भांड्यात पडला. "सांगत होते मी."

"म्हणजे वडनेरात काही झालं नाई," योगिनी म्हणाली. "वडनेरपासून या मांडवापर्यंत, मधात कुठंतरी झालं."

इतका वेळ पंजाबराव मामा खुर्चीत मागे टेकून, पायावर पाय टाकून बसले होते. आता त्यांनी पाय खाली घेतला.

"हे पाहा, सूनबाई. वाटी गाडीत माह्या मांडीवर होती, ते खरं. पण उतरल्यावर मी ती मोतीरामभाऊच्या हातात देल्ली. त्याईनं इहीनबाईच्या हातात देल्ली. मंग दहा मिनटं ती तुमच्या देवघरापुढं होती. आता तिथं काय झालं ते आमाले काय माहीत?"

बोलणं तसं रास्त होतं, पण मांडवातला मोकळेपणा गेला. अन्नपूर्णाबाईने पदर खोचला. हा आपल्या घरावर आळ आहे, हे तिला लगेच कळलं.

"मंग जेवढ्याईच्या हातून वाटी गेली, तेवढ्याईचे हात पाहू," योगिनी म्हणाली. "घरचं असो का वडनेरचं."

तिने आचाऱ्याकडचे कागदी रुमाल मागवले, घरच्या हळदीच्या पाण्यात बुडवले आणि दोरीवर क्षणभर निथळू दिले. पिवळ्या कागदांची रांगच लागली. "यावर अंगठा दाबायचा. हातावर खार असन तं कागद लाल होईन."

गोपाल ड्रायव्हर सगळ्यात आधी पुढे आला. बऱ्याच जणांनी मनात त्यालाच धरलं होतं, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. "मी तं स्टिअरिंगच सोडलं नाई," असं म्हणत त्याने अंगठा दाबला. कागद पिवळाच राहिला. मतदान करून आल्यासारखा अंगठा सगळ्यांना दाखवत तो बाजूला झाला.

मग अन्नपूर्णाबाई. तिने अंगठा दाबला आणि कागदावर तांबडा, ठसठशीत ठसा उमटला.

पुढच्या बायका कागदावर वाकल्या.

"अन्नपूर्णे!" खांबामागून मोतीराम बाहेर आला. "तू?"

त्या एका शब्दात इतका धक्का, इतका दुखावलेपणा होता की अन्नपूर्णाबाई क्षणभर स्वतःच गोंधळली. मग तिला आठवलं.

"अवं, मी आत्ताच कढई घासली! धुण्याच्या पावडरीनं. हात नुसते पदराले पुसले."

"हे बरोबर हाय," योगिनी घाईने म्हणाली. हे आधीच सांगायला हवं होतं, असं तिला वाटलं. "कागद एवढंच सांगते का खार हाय. तो साबणाचा का चुन्याचा, ते त्याले समजत नाई."

"असं का?" मोतीरामचा चेहरा उजळला. तो स्वतःहून पुढे आला आणि कागदावर अंगठा ठेवला. ठसा बायकोच्या ठशापेक्षा गडद उमटला. अंगठ्याचाच नाही, तळहाताच्या कडेचाही. "मीबी आत्ताच साबणानं हात धुतले," तो म्हणाला.

"मीबी," पंजाबराव मामा खुर्चीतूनच म्हणाले. त्यांना अजून कोणी बोलावलंही नव्हतं. मग उठून त्यांनीही अंगठा दाबला. लाल. "साबणच हाय. तुमच्या मोरीतला."

आत्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

"मोतीराम," ती म्हणाली, "लहानपणापासून मी तुले जेवायच्या आधी हात धू म्हणून वरडून राह्यले. पन्नास वर्सं झाली. तू आज लेकीच्या हळदीले साबणानं हात धुतले?"

"हाव."

"इकडं आण."

"काय?"

"हात."

मोतीरामने हात पुढे केला. आत्याने तो दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला आणि लांब श्वास घेतला. कागदाला जे कळत नव्हतं ते आत्याच्या नाकाला अर्ध्या सेकंदात कळलं.

"तंबाखू."

कोणी हसलं नाही. दोन वर्षांपूर्वी मोतीरामच्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. बुलडाण्याच्या डॉक्टरने तंबाखू बंद म्हणून सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मोतीरामने योगिनीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, की चुन्याला पुन्हा शिवणार नाही. मांडवातल्या निम्म्या बायकांना ही शपथ माहीत होती.

योगिनीच्या हातात तो लाल ठशाचा कागद तसाच राहिला. आत्याला गप्प करायचं, मामीची लाज राखायची आणि हसत-खेळत हे मिटवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बापाला चार माणसांत उघडं पाडायचं नव्हतं. तिने कागदाची घडी केली, तरी लाल डाग बाहेरून दिसतच होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "कधीपासून?"

"वांग्याच्या रोपाईची लावण चालू होती तवापासून." मोतीरामने खाली पाहिलं. "एकदाच खाल्ली होती. मंग रोज एकदाच."

"म्हणजे हळदीत चुना तुह्याच हातून पडला!" आत्या म्हणाली. "गाडीपासून घरापर्यंत. लेकीची उष्टी हळद नासवली तू."

अन्नपूर्णाबाई नुसती त्याच्याकडे पाहत होती, आणि ते आत्याच्या बोलण्यापेक्षा जड होतं. मोतीरामला आठवेना की वाटी हातात होती तेव्हा नेमकं काय केलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"पडला असन," तो म्हणाला. "माह्याच हातून पडला असन. चुकलं माह्यं. पोरी, आता तुह्या हळदीचं काय करावं, सांग."

पंजाबराव मामा खुर्चीशेजारी उभे होते. ते बसले नाहीत. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, जणू गाडी आत्ता सुरू झाली असती तर बरं झालं असतं. मग त्यांनी खाकरून घसा मोकळा केला.

"मोतीरामभाऊ, तुमी काऊन कबूल करून राह्यले? तुमचा काई संबंध नाई."

"म्हणजे?" पुष्पांजली मामी म्हणाली.

"राजूरच्या घाटात," मामा म्हणाले. "तू समोरच्या सीटवर झोपली होती. मी म्हटलं, तेवढ्यात एक चिमूट मळून घ्यावी. चुन्याच्या पुडीचा कोपरा दातानं तोडला अन् तेवढ्यात या गोपालनं वळण घेतलं."

"वळण होतं तं घेनारच नं," गोपाल म्हणाला.

"फडकं जरा सरकलं होतं. अर्धी पुडी वाटीत. पांढरा गोळाच्या गोळा. मी घाबरलो. बोटानं कालवला. कालवता कालवता पांढरं गेलं; जराशी तांबूस दिसली, पण मले वाटलं फडक्याच्या सावलीनं, म्हणून मी निवांत झालो. फडकं टाकलं. हळद लाल व्हते हे मले काय माहीत? मी काई कॉलेजात नाई गेलो."

मामी कमरेवर हात ठेवून मामांपुढे येऊन उभी राहिली.

"दिवाळीपासून सोडली म्हणे," ती म्हणाली. "माह्यापुढं मूठमूठ बडीशेप खाते हा माणूस. ठेवली कुठी होती?"

मामांनी खिशातून चष्म्याची डबी काढून तिच्या हातात दिली.

"तरी मी म्हणतो, चष्मा लागत नाई तं डबी काऊन संग ठेवता!" मामी ओरडली. आत्याच्या संगतीत तीही 'मी म्हणतो' म्हणाली.

त्याच वेळी पाटावरून आवाज आला. फोन बंद करायचा सगळ्यांच्याच लक्षातून गेला होता.

"पंजाब्या," शेखरची आई म्हणत होती, "तू घरी ये. फक्त ये."

तिच्या मागे शेखर इतका हसत होता की त्याला खोकला लागला. वडनेरच्या मांडवातही बायका फोनभोवती जमल्या असाव्यात, कारण पाच-सहा जणी एकदम हसल्या. मग इकडे कोणीतरी फसकन हसलं, मग दुसरी, आणि शेवटी अन्नपूर्णाबाईलाही पदर तोंडाला लावावा लागला. आत्या हसली नाही, पण तिने फोनजवळ वाकून एवढं म्हटलं, "इहीनबाई, तुमच्यावर माह्या मनात काई नव्हतं बरं." ते खोटं होतं, आणि पलीकडून तितक्याच गोडीने "मले माहीत नाई का," असं उत्तर आलं.

राहिला प्रश्न हळदीचा. ही टाकून घरची लावावी, असं एकीने सुचवलं. पण आत्या म्हणाली, उष्टी ती उष्टी, हळदीत चुना गेला म्हणून काय नवरदेव बदलला का? तिने स्वतः मांडी घालून वाटी पुढे ओढली.

"एकदम लिंबू ओतू नका," योगिनी तिच्याशेजारी बसली. "थेंबाथेंबानं. जास्त झालं तं आंबट होईन अन् माह्यं तोंड झोंबन. कमी झालं तं चुना झोंबन."

आत्या लिंबू पिळत होती, योगिनी चमच्याने ढवळत होती. थेंब पडला की पिवळी रेघ उठायची आणि ढवळलं की लाल रंगात बुडून जायची. बराच वेळ तसंच चाललं. काही फरक पडत नाही, असं वाटायला लागलं. आणि मग एका थेंबाला रंग नारिंगी झाला. योगिनीने आत्याचा हात धरला. आणखी दोन थेंब, सावकाश, आणि वाटी पिवळी झाली.

कॉलेजात असा रंग बदलताना तिने हजार वेळा पाहिला होता. दर वेळी पोरांना सांगायची, शेवटच्या थेंबाला श्वास रोखा. आज तिने स्वतः रोखला होता.

वाजंत्री सुरू झाली. आत्याने आणि मामीने हळद लावली, मग बाकीच्या बायका आल्या. शेवटी अन्नपूर्णाबाईने मोतीरामला मोरीवर नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले. तो परत आला तेव्हा हातांना साबणाचा घमघमाट येत होता. त्याने बोट वाटीत बुडवलं, लेकीच्या गालाला लावलं, आणि गालावर तांबूस पट्टा उमटला. साबण नीट निघाला नव्हता.

मोतीराम दचकला. "पाह्य, मी आता खाल्ली नाई! आईच्यान!"

"माहीत हाय बाबा," योगिनी म्हणाली. "राहू द्या तो."

आणि तिने तो पट्टा पुसला नाही. फोटोत तिच्या डाव्या गालावर तो आहे.

जेवणं झाल्यावर वडनेरची गाडी परत निघाली. या वेळी मामा समोरच्या सीटवर बसले आणि मामी मागे, म्हणजे तिला त्यांचे दोन्ही हात दिसत राहतील. निघताना मामा योगिनीला म्हणाले, "सूनबाई, घर तुह्यंच हाय, मोकळ्या मनानं ये. पण ते कागद संग नको आणू." ती म्हणाली, "बरं मामाजी." वडनेरला हळद मिळतेच, हे तिने सांगितलं नाही.

लग्न दुसऱ्या दिवशी वेळेवर लागलं. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा योगिनी बापाला घेऊन पुन्हा त्या डॉक्टरकडे गेली. चट्टा होता तेवढाच होता. डॉक्टरने टॉर्च मारून दोनदा पाहिलं, दर तीन महिन्यांनी दाखवून जायला सांगितलं, आणि तंबाखू सोडायची म्हणजे काय करायचं, ते या वेळी बसवून नीट समजावलं. मामांचं अजून सोडणं चालू आहे. मोतीराम भाजलेल्या जवसावर आलाय. शेतात जाताना खिशात पुडी, बांधावर पुडी, उशाखाली पुडी. दिवसाला पावशेर जवस जातं आणि घरभर कचरा होतो, अशी अन्नपूर्णाबाईची तक्रार आहे. ती रोज तक्रार करते आणि रोज तव्यावर ताजं भाजून ठेवते.